एका दमातली रेघ

पेंटरने सिरिंज उभी धरून टिचकी मारली, वर आलेला बुडबुडा बाहेर काढला आणि टेबलावरच्या, सरावासाठी ठेवलेल्या रबरी छातीतून निघालेल्या नळीला ती फिरवून बसवली. मग अंगठा टेकवून दट्ट्या ढकलायला सुरुवात केली. सावकाश, एकसारखा, कुठे धक्का नाही की थांबणं नाही. सगळं सलाइन आत गेल्यावर त्याने रोखलेला श्वास सोडला.

"झालं," तो म्हणाला. "घरी रोज असंच करायचो."

समोर बसलेली फार्मसिस्ट नळीकडे बघत राहिली. वीस वर्षं ती हॉस्पिटलच्या औषध विभागात होती. छातीत कायमची नळी बसवलेला पेशंट घरी जायचा असला, की त्याच्या घरच्या माणसाला आधी या खोलीत पास व्हावं लागे. ती लोकांच्या हात धुऊन मागे लागते असं सगळे म्हणत, आणि त्यात हात धुण्याचा भाग अगदी खरा होता. एका निवृत्त न्यायाधीशांना तिने नखं कापून या म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. पाठीमागे तिला हेडमास्तरीण म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नळीतून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो, तो कुणाचा हुद्दा विचारत नाही.

"मी असं शिकवलं होतं?" तिने विचारलं.

पेंटरने मान खाली घातली. साठीचा माणूस, पण शाळेतल्या मुलासारखा ओशाळला.

"नाही. ढकला, थांबा, ढकला, थांबा, असं तुम्ही म्हणाला होतात. पहिले चार दिवस तसंच केलं. पण पोरीच्या तोंडात एकदम खारट चव यायची, पोटात ढवळायचं. म्हणाली, बाबा, हळू सोडा ना, एका दमात. तसं केलं तर तिला कळायचंसुद्धा नाही." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "आणि माझा हातच तसा पडलाय, मॅडम. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मधे थांबलं की रेघ बिघडते."

सराव सुरू करण्याआधी तिने नळीत लाल पाणी भरून ठेवलं होतं, रक्ताच्या जागी. नळी पारदर्शक होती. सलाइन मधून निघून गेलं होतं, पण आतल्या कडेला लाल पट्टे तसेच चिकटून होते. तिने नळी उजेडात धरली.

"थांबून थांबून ढकललं की पाणी आत घुसळतं, कडा धुऊन काढतं. एका दमात सोडलं की ते नुसतं मधून जातं. कडेचं रक्त कडेलाच राहतं आणि एक दिवस त्याची गुठळी होते."

पेंटरने ते पट्टे पाहिले. त्याची मुलगी तिसऱ्या मजल्यावर होती, सत्तावीस वर्षांची. तिची नळी तुंबून नऊ दिवस झाले होते. गुठळी विरघळवायचं औषध फार्मसिस्टने स्वतःच्या हाताने दोनदा तयार करून वर पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा उपयोग झाला नव्हता. केमोचा डोस त्यापायी खोळंबला होता.

"म्हणजे माझ्यामुळेच तुंबली," तो म्हणाला.

गुळमुळीत बोलणं तिला जमत नसे. उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं, पण तो पुढे बोलू लागला.

"आता नवीन बसवतील तेव्हा मला परत शिकवा. दहादा करून घ्या. घरी यायला नर्स तयार आहे, पण पोरगी ऐकत नाही. बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणते. तिला आई नाही हो. मी सोडून तिचं आहे कोण? पण तुम्ही नापास केलंत, तर मी हट्ट करणार नाही. नर्सला बोलावीन."

टेबलावरचा फोन वाजला. औषधं मिसळायच्या खोलीतून तिची सहायक बोलत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या, सहा नंबरच्या पेशंटचा शुक्रवारचा डोस करू नका असं आलंय, मॅडम एकदा बघतील का?

ती कॉम्प्युटरकडे वळली. डॉक्टरांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. केमो बंद. नळी काढावी, नवी बसवू नये. घरी जाताना वेदनेसाठी त्वचेवर लावायच्या पट्ट्या द्याव्यात. खाली कालच्या स्कॅनचा अहवाल होता. तो तिने एकदाच वाचला, परत वाचायची गरज पडली नाही. वडिलांशी चार वाजता बोलणार, असंही लिहिलं होतं. घड्याळात पावणेतीन झाले होते.

सांगायचा अधिकार तिचा नव्हता. उपचार ज्याने थांबवले त्यानेच समोर बसवून सांगायचं असतं, हा नियम तिला मान्य होता. तिच्या हातात फक्त सव्वा तास होता, आणि समोर उत्तराची वाट बघत बसलेला हा माणूस. तिने स्क्रीन भिंतीकडे वळवला.

"काका," ती म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा."

"आँ?"

"स्थिर आहे. पोरीला त्रास होत नाही ना? मग करा असंच."

"आणि हे लाल?"

"तेवढं चालतं."

पेंटर तिच्याकडे बघत राहिला. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस पहिल्याच खोट्यात सापडतं. ती टेबलावरची सिरिंजची रिकामी पाकिटं गोळा करू लागली, एकावर एक रचू लागली.

"तुम्हाला तेवढं चालतं?" त्याने हळूच विचारलं. "तुम्हाला?"

तिने आणखी एक पाकीट वर रचलं.

"नवीन नळी कधी बसवणार?"

"डॉक्टर चार वाजता भेटणार आहेत तुम्हाला."

"पण तुम्हाला कळलंय."

तिने पाकिटं खाली ठेवली. आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं बोलायचं नव्हतं. पेंटरने रबरी छातीतून निघालेल्या नळीचं टोक दोन बोटांत अलगद धरलं होतं, कातडीला ताण बसू नये अशा बेताने. ते रबर आहे हे त्याच्या बोटांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"नळी तुंबली, दिवस वाया गेले, म्हणून?" त्याने विचारलं.

"नाही." आता तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "नळीमुळे नाही. नऊ दिवसांमुळे नाही. तुमच्या हातामुळे तर मुळीच नाही. हे मी तुम्हाला खरं सांगतेय, काका. बाकीचं डॉक्टर सांगतील."

त्याने मान हलवली. एकदा, मग बऱ्याच वेळा. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ती गाडी लांब गेल्यावर त्याने नळीचं टोक खाली ठेवलं.

"मग ओरडा माझ्यावर," तो म्हणाला.

"काका..."

"ओरडा हो. मघाशी ओरडणार होतात, मी पाहिलं तुमचं तोंड. फोन आला नसता तर सालटं काढली असतीत माझी." डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. "नवी नळी बसवायची असती तर जे म्हणाला असतात, तेच म्हणा. तेवढं करा माझ्यासाठी."

तिला खूप वाईट वाटलं. वीस वर्षांत तिने कितीतरी माणसांना शिकवलं होतं, पण शिकवण्याचा उपयोग नाही हे माहीत असताना कुणाला शिकवलं नव्हतं. ती उठली. कपाटातून नवी सिरिंज काढली, सलाइनची बाटली आणली, नळीत पुन्हा लाल पाणी भरलं आणि सगळं त्याच्यासमोर मांडून ठेवलं.

"चुकलं," ती म्हणाली. आवाज हवा तेवढा कडक निघाला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "साफ चुकलं. असं चालायचं नाही. पहिल्यापासून करा. आधी हात."

पेंटर उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला. बाह्या कोपरापर्यंत सारल्या, नळ सोडला आणि साबण हातात घेऊन पाठमोरा उभा राहिला. पाणी वाहत होतं. त्याचे खांदे हलत होते.

फार्मसिस्टने त्याला घाई केली नाही.