कौशल्याचं नाक

मी संगमरवर बोलतोय. मकराण्याच्या खाणीतला, पांढराशुभ्र. गर्व आहे का? आहे थोडा! तुमचा वऱ्हाडातला काळा दगड ऊन बाहेरच ठेवतो. मी ते जरासं अंगात मुरवून घेतो, म्हणून माझा गाल खऱ्या गालासारखा दिसतो.

पण माझी एक खोडही आहे. मातीला पुन्हा लिंपता येतं. माझ्यावरचं एकदा काढलं की काढलं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा अमरावतीजवळच्या खुशालरावांनी मला बैलगाडीतून आणवलं. त्यांची बायको कौशल्या बाळंतपणात गेली होती. तिचा पुतळा त्यांना मळ्यातल्या विहिरीपाशी बसवायचा होता.

घडवायला जयपूरचा नानगराम आला. त्याने कौशल्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिची आई पार्बताबाई रोज समोर बसून सांगायची, "कपाय जरा उतरतं घे, बाप्पा," आणि नानगराम माझं कपाळ तसं उतरवायचा. मी हळूहळू बाई होत गेलो. नाकाचा उंचवटा नानगरामने शेवटासाठी राखला होता.

नाकाची पाळी आली त्या दिवशी खुशालराव आले नि म्हणाले, "नाक बारीक काढ, सरळ. लोकायले सुंदर दिसली पायजे."

"तिचं नाक बसकं होतं," पार्बताबाई म्हणाली.

"मले नाई माईत? मी तर तिले लाडानं नकटीच म्हनत होतो."

"तुमी लाडानं म्हनत होते, जवाईबापू. ती माहेरी आली का आरसा घेऊन बसे, नाक चिमटीत धरून ओढे. मले म्हने, माय, मले असं काहून केलं? आता मेल्यावर तरी तिचं नाक राहू द्या तिच्यापाशी."

छिन्नी टेकलेलीच होती. खरं सांगतो, मी घाबरलो. दोन ठोके, आणि ती कायमची दुसरीच कुणीतरी झाली असती.

खुशालरावांनी नानगरामचा हात धरून बाजूला केला. "राहू दे. माय सांगते तसंच कर." आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडले. "एकडाव तरी सांगायचं होतं व कौशल्या!"

आता लढाई संपली, कापसाचा भाव उतरला. पाण्याला येणाऱ्या बाया माझ्या नाकाला हसतात. हसू देत. खुशालराव मात्र रोज येतात आणि "कौशल्या" अशी नीट नावाने हाक मारतात. मी पडलो दगड, मला ओ देता येत नाही. फार वाईट वाटतं हो! तुमच्या घरी ओ देणारं माणूस असेल, तर त्याला आजच नीट हाक मारा.