डावीकडची पिल्लं

पस्तिसाव्या दिवशी शेडच्या डाव्या कप्प्यातली ब्रॉयलर कोंबडी सरासरी पावणेदोन किलोची निघाली आणि उजव्या कप्प्यातली दोनची. ताईने काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा दहा कोंबड्या तोलल्या. काटा काही ऐकायला तयार नव्हता.

डावीकडच्या शंभर पिल्लांच्या खाद्यात पहिल्या दिवसापासून तिची पूड होती: वाळवलेला लसूण, आलं, ओवा आणि शेवग्याचा पाला. उजवीकडच्या शंभरांना नुसतं खाद्य. बाकी खाली अंथरलेलं तूस, पाणी, दिवे सगळं सारखं. शेड धाकट्या भावाचं, आणि त्याने आधीच साफ सांगितलं होतं. डावी बाजू जड भरली तर पूड सगळ्या शेडला आणि ताई इथेच. नाहीतर तिने गुमान शहरातल्या औषधाच्या दुकानात परत जावं. तिला जायचं नव्हतं. त्या काउंटरमागे बारा वर्षं उभं राहून तिचा जीव विटला होता.

दर आठवड्याला डावी बाजू मागे पडत गेली, तसा ताईच्या डोक्याचा पार भुगा झाला. एकदा तर तिने स्वतःच चमचाभर पूड तोंडात टाकून पाहिली. कळलं एवढंच, की ती तिखट आहे. धाकटा आकडे नुसते वहीत उतरवून घेई. त्याने चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता आप्पांनी डावीकडची पुढची कोंबडी काखोटीला मारून आणली. रोज सकाळी दोन्हीकडे पाणी भरायचं काम आप्पांचं, म्हणजे या दोघांच्या वडिलांचं. कोंबडीच्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं. ताई बघतच राहिली. हे वाकडं बोट तिने दुसऱ्या आठवड्यात पाहिलं होतं, पण उजवीकडे.

"आप्पा, ही इकडे कशी?"

"मीच आणली. मान टाकून बसली होती. तिकडे औषध कुठंय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उजवीकडचं जे पिल्लू मलूल दिसेल ते आप्पा डावीकडे आणून सोडत, आणि शंभराचा आकडा मोडू नये म्हणून डावीकडचं एखादं ठणठणीत उचलून उजवीकडे टाकत. असं किती वेळा, ते त्यांनी मोजलं नव्हतं. तीस असतील, चाळीस असतील.

ताईला हसावं की रडावं कळेना. अख्ख्या घरात तिच्या पुडीवर विश्वास असलेला हा एकच माणूस, आणि त्यानेच सगळ्याचं वाटोळं केलं होतं. मलूल पिल्लं पुडीने जगली, की नाहीतरी जगलीच असती? उजवीकडची अंगाने भरली ती पुडीवर, की पुडीवाचून?

धाकट्याने डोकं खाजवलं. यातून हो पण निघत नाही आणि नाही पण निघत नाही, हे त्याला पटलं. पुढच्या बॅचला पुन्हा करू, तोवर ताई राहू दे, असं तो म्हणाला. फक्त आप्पांनी इकडचं तिकडे करायचं नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत.

"उजवीकडचं पिल्लू मान टाकून बसलं, तर मी काय करायचं ते सांग," ते तिला म्हणाले.

उत्तर तिला ठाऊक होतं. दोन पावलांवर तिची पूड असताना त्याला तसंच बसू द्यायचं. तिने त्यांच्या काखेतली कोंबडी घेऊन काट्यावर ठेवली. दीड किलो भरली. हे कुठल्या बाजूला लिहू, असं धाकट्याने विचारलं.