जागेवर करून दिलेलं काम

"लिहून टाक ना, कामगाराने काहीतरी दाबलं," भूषण म्हणाला आणि योगेंद्रच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. "रावेरच्या मालकाला उद्या रिपोर्ट हवाय. त्या फाइलीत तू अजून काय शोधणार आहेस?"

योगेंद्र स्क्रीनकडे बघत राहिला. चुका शोधायच्या प्रोग्रॅमने, डीबगरने, डम्प फाइल केव्हाच उघडली होती. प्रोग्रॅम चालता चालता कोसळला की कॉम्प्युटर त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे असेल ते उचलून एका फाइलीत टाकतो, तो हा डम्प. त्यात पुढे काही घडत नाही. नुसतं बघायचं: कुठल्या ओळीवर थांबला, तिथवर कोणाकोणाला हाका मारत आला, हातात काय होतं. या कामाला भूषण पूर्वी हौसेने पोस्टमॉर्टेम म्हणायचा. त्यांच्यासोबत काम करणारा कुंदन वारला आणि ऑफिसातून तो शब्द आपोआप बाद झाला.

ऑफिस मेहरूणला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मालक भूषण. केळी पिकवण्याच्या चेंबरांसाठी प्रोग्रॅम करायचे, हा यांचा धंदा. चेंबरमधला गारवा, पंखे, भोंगा, सगळं त्या प्रोग्रॅमच्या हाती. रावेरच्या एका सेंटरवर मागच्या रविवारी दुपारी लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, आणि प्रोग्रॅम मात्र पडला. पंखे बंद, गारवा बंद. भोंगाही त्याच प्रोग्रॅमचा, म्हणून तोही मुका. स्क्रीन सेंटरच्या ऑफिसात आणि त्याला रविवारचं कुलूप. सोमवारी दारं उघडली तर आतला माल उकडून काळा पडलेला.

सेंटरच्या मालकाने सगळं खापर चेंबर सांभाळणाऱ्या झुलालच्या डोक्यावर फोडलं आणि त्याला घरी बसवलं. रिपोर्ट आला की बघू म्हणाला. आता रिपोर्टात कामगाराची चूक लिहिली की झुलाल कायमचा घरी, आणि प्रोग्रॅमची लिहिली की तो परत कामावर. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघा अधू. त्याला दुसरं काम कोण देणार, सांगा.

प्रोग्रॅम कोणी हाताने बंद केला असता तर डम्प तयारच झाला नसता, एवढं योगेंद्रने भूषणला सांगून पाहिलं. भूषणने मान हलवली आणि मग काय झालं ते दाखव म्हणाला. खोट तिथेच होती. दाखवायला डीबगरपाशी नावं नव्हती. नुसते आकड्यांचे पत्ते, एकाखाली एक. त्या पत्त्यांना नावं देणारी एक जोडीची फाइल असते, सिम्बॉल फाइल म्हणतात तिला. प्रोग्रॅम जितक्या वेळा नव्याने तयार करावा तितक्या वेळा तीही नवी होते, आणि दोघांवर एकच छुपी खूण उमटते. ऑफिसातली फाइल लावली तर डीबगर हटून बसला, जुळत नाही म्हणाला. आवृत्तीचा नंबर तोच. खूण मात्र वेगळी.

म्हणजे रावेरला जो प्रोग्रॅम चालत होता तो या ऑफिसात तयार झालेलाच नव्हता.

आता हा उद्योग कोणाचा हे योगेंद्रला काय कोणी सांगायला हवं होतं? कुंदनचाच. नाही म्हणणं त्या गड्याच्या स्वभावातच नव्हतं. गिऱ्हाइकाकडे जायचा, चहा घ्यायचा, आणि कोणी म्हणालं की भाऊ तेवढं एक करून द्या ना, की हा तिथेच पोत्यावर बसून लॅपटॉप उघडायचा. जागेवर करून द्यायचा. नंबर बदलायचा नाही, ऑफिसला कळवायचा नाही. योगेंद्र त्याला यावरून किती वेळा तासायचा. तो हसायचा आणि म्हणायचा, जाऊ दे ना, त्याचं काम झालं ना.

कुंदन चैत्रात गेला. डेंग्यूचं निमित्त, धुळ्याचं हॉस्पिटल, आठवडाभराचा खेळ. गाडी बघणं, फोन करणं, सामान आणणं, सगळं योगेंद्रनेच केलं. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर झाला होता नुसता. रडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. ऑफिसला यायचा, काम करायचा, घरी जायचा. बायको विचारायची, काय होतंय तुम्हाला? तो म्हणायचा, काही नाही. आणि ते खरंच होतं, काही होत नव्हतं.

फाइल आणायला रावेरला गेला होता तेव्हा झुलाल फाटकाशी उभा दिसला होता. कामावरून काढलेला माणूस रोज तिथे येऊन का उभा राहतो, असं वॉचमनच योगेंद्रला म्हणाला. योगेंद्रने विचारलं तेव्हा मी कशाला हात लावला नाही, एवढंच तो म्हणाला. प्रोग्रॅममध्ये कोणी बदल केला होता का, असंही विचारलं. तेव्हा झुलाल केळीच्या क्रेटांनी भरत असलेल्या ट्रककडे बघत राहिला आणि पाणी घ्या साहेब म्हणाला. योगेंद्रने पाणी घेतलं.

"कुंदनचा लॅपटॉप कुठे आहे?" त्याने भूषणला विचारलं.

भूषणचे हात खुर्चीवरून निघाले. त्याच्या आईकडे असेल, तो म्हणाला. मग जरा वेळाने हळूच म्हणाला की गेलेल्या पोराला कशाला मध्ये आणतोस. त्यात कंपनीची काळजी होती आणि कुंदनची मायाही होती, कोणती जास्त ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. योगेंद्रने डम्प पेनड्राइव्हवर घेतला आणि सकाळच्या एसटीने धुळ्याला गेला.

कुंदनची आई पुष्पाबाई देवपूरला दोन खोल्यांत एकटी राहायची. दार उघडंच होतं. तिने योगेंद्रला बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "ये भो. बस."

तो बसला. तिने पाणी आणलं, प्रवासाचं विचारलं, लेकरांचं विचारलं. कुंदनचं नाव दोघांनीही घेतलं नाही. शेवटी योगेंद्रनेच लॅपटॉपचं काढलं. कशाला हवाय असं तिने विचारलं नाही. कपाटातून धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तिने आणून दिला आणि स्वयंपाकघरात भाकरी थापायला गेली. त्याला पासवर्ड नव्हता. कुंदन कशालाच कुलूप लावायचा नाही.

योगेंद्रने जमिनीवरच बैठक मारली. डीबगर उघडला, डम्प लावला, सिम्बॉल कुठे शोधायचे ते कुंदनच्या फोल्डरकडे बोट करून सांगितलं. जरा वेळ काहीच हललं नाही. मग खूण जुळली आणि आकड्यांच्या जागी एकेक नाव येऊन बसलं.

नावं सगळी अहिराणीत. ऑफिसातल्या कामात इंग्रजी नावं द्यायची असा भूषणचा दंडक. इथे जागेवर बसून लिहिताना कुंदनने तो धाब्यावर बसवला होता. इंग्रजी अक्षरांत पण घरच्या बोलीत. पहिलं 'लाइट उनी का', म्हणजे लाइट आली का. तिथून हाक 'बठ्ठा पंखा लाव'ला, म्हणजे सगळे पंखे लाव. आणि तिथून 'कसं शे'ला, म्हणजे कसं आहे. प्रत्येक नावापुढे फाइलीचा पत्ता, आणि पत्त्यात कुंदनचं नाव, कारण लॅपटॉप त्याच्या नावाचा.

योगेंद्र शेवटच्या ओळीवर गेला. सगळं सरळ दिसत होतं. लाइट गेली की झुलालला अधू गुडघ्याने चेंबरा-चेंबराशी धावत जाऊन बटणं दाबावी लागायची. ती धावाधाव वाचावी म्हणून कुंदनने हे लिहिलं होतं. लाइट आली का बघायचं, पंखे लावायच्या आधी प्रत्येक चेंबरला तापमान विचारायचं, कसं शे. त्या रविवारी एका चेंबरचा सेन्सर जनरेटरवर जागाच झाला नाही. प्रोग्रॅम विचारायला गेला तर समोर कोणी नव्हतंच. डीबगर त्या जागी शून्य दाखवत होता. समोर कोणी आहे का ते आधी बघायचं असतं, शिकाऊ पोरालाही माहीत असतं ते. कुंदन विसरला होता. तिथेच प्रोग्रॅम पडला. भोंगा वाजला नाही, म्हणून झुलाल नेहमीसारखे पंखे लागले असं समजून बसला.

चूक कुंदनची होती. दुसऱ्या कोणाची नव्हती.

एवढं बघूनही योगेंद्रला काही वाटेना. त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं. पुष्पाबाई पिठाचे हात पुसत येऊन शेजारी बसली.

"काय लिखेल शे?" तिने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. लाइट उनी का. बठ्ठा पंखा लाव. कसं शे. ती ऐकत राहिली. हे त्यानेच लिहिलंय का, असं विचारलं. हो म्हटल्यावर पुन्हा वाचायला सांगितलं. योगेंद्रने पुन्हा वाचलं. मग कसाबसा म्हणाला की मावशी, हे नीट लिहिलं गेलं नाही, आणि त्यापायी रावेरला एका माणसाचं काम गेलंय. झुलालचं सगळं सांगितलं. भूषण काय म्हणतो तेही सांगितलं, कारण लपवून ठेवायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तर कुंदनचं नाव येणार नाही असं लिहिता येईल, असंही म्हणाला.

 तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी पुष्पाबाई उठली नाही.

"चूक त्यानीच शे?"

"हो मावशी."

"मंग त्यानं नाव घालीसन लिख." ती स्क्रीनकडेच बघत होती. "बठ्ठा कागदवरथून त्यानं नाव काढी टाकं, भो. रेशन कार्डवरथून काढं, बँकमाथून काढं. मीच सह्या कऱ्यात. आठे तरी ऱ्हाऊ दे."

चैत्रापासून राहून गेलेलं रडू योगेंद्रला तिथे फुटलं. त्याने खाली मान घातली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, उगी म्हणाली नाही. नुसती बसून राहिली, आणि मग म्हणाली की ज्याचं काम गेलं त्याला आधी फोन लाव.

त्याने झुलालला फोन लावला. काय सापडलं ते सांगितलं. 

"मले माहीत व्हतं साहेब," झुलाल म्हणाला. "माझ्या गुडघ्यासाठीच केलं व्हतं ना त्या पोरानं. गेलेल्या मानसाचं नाव मी कसं सांगू? तुम्ही बी नका लिहू. मी पाहीन दुसरीकडं काहीतरी."

फोन स्पीकरवर होता. पुष्पाबाईने तो योगेंद्रच्या हातून घेतला. झुलालला तिने कधी पाहिलं नव्हतं. "भाऊ, मी कुंदननी माय," ती म्हणाली. "तुमी कामवर जा." आणि पलीकडचं काही न ऐकताच फोन त्याच्या हातात परत दिला.

योगेंद्रने तिथेच रिपोर्ट लिहायला घेतला. काय घडलं, कुठल्या ओळीत, कोणत्या बदलामुळे, तो बदल कोणी केला आणि कशासाठी केला. झुलालचा दोष नाही हे वेगळ्या ओळीत. कुंदनचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. भूषणला पाठवला. फोन येणार, दोन शब्द ऐकून घ्यावे लागणार, ते त्याला माहीत होतं. ऐकू, म्हणाला मनाशी.

पुष्पाबाई आत जाऊन दुसरी भाकरी टाकून आली होती. ती पुन्हा शेजारी बसली.

"त्यानं नाव कोठे शे?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि बोटाने दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने चष्मा लावला आणि जवळ वाकून त्या अक्षरांकडे पाहत राहिली.

"बंद करं तं जाई का?"

"नाही मावशी. राहतं."

"मंग कर बंद," ती म्हणाली. "जेवाले बस."