लख्ख घासलेली कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. पातळ पत्र्याची, खोलगट, एका दांड्याची. भांडे काळे पडले की लोक हळहळतात. माझे दुःख उलटे आहे.

माझे मालक चायनीज हॉटेलात आचारी होते. घरी त्यांनी मला आणले ते सुट्टीच्या दिवसासाठी. मोठ्या आचेवर मी धुरावले की तेल, अंडे, कालचा गार भात, कांद्याची पात, वरून थोडा सोया सॉस. दाणा न् दाणा मोकळा! मग ते मला नुसत्या गरम पाण्याने धुवायचे, आचेवर सुकवायचे आणि तेलाचा बोळा फिरवायचे. बारा वर्षांत माझ्या अंगावर काळा, गुळगुळीत थर चढला. फडताळातली स्टीलची पातेली मला नाके मुरडायची, पण त्या थरामुळेच भात माझ्या अंगाला चिकटत नसे.

लेक शिकायला आली की ते म्हणायचे, "तुला नाही जमायचं. बस बाहेर, गरम गरम खायला देतो." तेवढे मात्र त्यांचे चुकले.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात ते घास तोंडात घेईनात. घरी आणायच्या दिवशी लेकीने बाबांचा आवडता फ्राइड राइस करायचे ठरवले. बिचारीने तो काळा थर मळ समजून मला साबण लावून तारेच्या घासणीने दोन तास घासले. बारा वर्षे मोरीत वाहून गेली.

भात तळाला चिकटला, करपला, त्याचा लगदा झाला. बाबांनी ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने ताटली लोटून दिली.

"बाबा, एवढी चकचकीत केली हो मी! काय चुकलं ते सांगा ना!" लेक रडू लागली.

सांगणार कसे? ते धडपडत ओट्याशी आले. लेकीच्या हातात तेलाचा बोळा दिला, तिच्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि माझ्या अंगावरून फिरवला. गॅस पेटवायची खूण केली. मी धुरावले. पुन्हा बोळा, पुन्हा धूर. लेकीला उमगले.

पहिला थर बसला आहे, मित्रांनो, पण अजून भात चिकटतो. बाबा रोज दोनच घास खातात. पुरता काळा थर चढेपर्यंत ते असतील ना, याचीच मला धास्ती आहे. म्हणून एकच विनवणी: कुणाची जुनी वस्तू हाती घ्याल, तर आधी त्याला विचारा. तो बोलू शकतो आहे तोवर विचारा.