चार तारा, दोन सूर

"वाद्य कोणाचं, हे माणसाला विचारत बसू नकोस. वाद्यालाच विचार. ते खोटं बोलत नाही."

आत्याचं हे सांगणं दुकानवाल्या मावशींच्या कानात पक्कं बसलं होतं. दुकान मूळचं त्यांच्या ह्या आत्याचं. तिच्यामागे बावीस वर्षं त्या तिथे गिटारी आणि व्हायोलिनं दुरुस्त करत होत्या. 

त्या सकाळी एक गृहस्थ बास गिटार घेऊन आला. चकचकीत बूट, हातात गाडीची किल्ली, आणि घाई अशी की जणू कोणी पाठीमागे लागलंय.

"पडदे घासून गुळगुळीत करा, तारा बदला. कोरी दिसली पाहिजे. चारला न्यायला येतो."

"तुमचीच का?"

"मग काय शेजाऱ्याची?" तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

उगाच कोणावर संशय घेणं हेही पापच, हे त्यांना ठाऊक होतं. पण समोर दिसत होतं त्याचं काय करायचं? डोक्याकडचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, जिथे बासवाल्यांची बोटं दिवसभर असतात, ते जसेच्या तसे. पोटाजवळचे दाटीने बसवलेले पडदे मात्र खोल झिजलेले. त्यांनी तारा छेडल्या, तर चार तारांत मिळून दोनच सूर. जाड तार घुमत ठेवून त्यांनी बारीक तारेवर बोट फिरवलं आणि त्या चपापल्याच. बॅगपाइपवर स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या केल्टिक नाचाच्या जुन्या चाली वाजतात ना, खाली एक सूर धरलेला आणि वर चाल गिरक्या घेतेय, अगदी तसं. तेही बास गिटारवर!

"जरा वाजवून दाखवा बरं."

त्याने जाड तारेवर चार ठोके दिले. सतरंजी झटकावी तसे.

"भाऊ, ह्यावर चाल वाजवणारं माणूस दुसरं आहे."

"बासवर कसली चाल? मागे उभं राहून धपधप करायचं, संपलं."

"आणली कुठून?"

"चोरी केली म्हणताय?" त्याचा चेहरा लाल झाला. मावशींनी गिटारवरचा हात काढला नाही. मग तोच जरा नरमला. "मोठ्या बहिणीची आहे हो. गेल्या महिन्यापासून आमच्याकडेच राहते. घरात जागा नाही. तिनेच विकायला सांगितलीय. पाचला गिऱ्हाईक येतंय."

"त्यांच्या तोंडून ऐकू दे."

त्याने चरफडत फोन लावला, स्पीकर सुरू केला. "ताई, ह्या बाईंना सांग. विकायचीय ना?"

पलीकडे कोणी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, सांगून टाका एकदाचं."

"हो. विका," ताई म्हणाली. पाठ केलेलं म्हणून दाखवावं, तशी.

"झालं समाधान?"

मावशींचं झालं नव्हतं. त्या फोनकडे वाकल्या आणि साधंच कामाचं विचारल्यासारखं म्हणाल्या, "ताई, तारा भलत्याच सुरांत आहेत. नेहमीसारख्या लावून टाकू ना?"

"हात लावू नका त्यांना!"

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज पुन्हा सपाट झाला. "म्हणजे... आता तुमची मर्जी."

"नाही लावत," मावशी हळूच म्हणाल्या. "तुम्ही स्वतः हातात घेऊन सांगाल, तोवर ही कोणाला देणारही नाही. शब्द आहे माझा."

भावाने फोन बंद केला. "कसला शब्द न् काय! चारला येतो. तयार ठेवा." दुसरं दुकान शोधायला त्याला वेळ नव्हता. पावतीवर घरचा पत्ता घाईने खरडून तो गेला.

मावशींनी कानस उचलली नाही. कोरड्या फडक्याने गिटार पुसली, पिशवीत घातली. समोरासमोर बसूनही ताई 'विका'च म्हणाल्या तर? तर मग तेही ऐकायचं. पण मागून कोणी सांगत नसताना.

शेजारच्या शिंप्याने कात्री थांबवून विचारलं, "आज भरदुपारीच बंद?"

"हिच्या मालकिणीकडे जाऊन येते. चारला कोणी आलं, तर तेच सांगा."

"आणि भांडायला लागला तर?"

"तर बसायला खुर्ची द्या."

कुलूप ओढून पाहून, खुंट्यांना धक्का लागून सूर ढळू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरून, मावशी रस्त्याच्या कडेकडेने निघाल्या.