काडीवरचा चतुर

अळणावर गावच्या तळ्याकाठी त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडाच्या गाड्या तशाच टाकून गाडीवानसुद्धा तिथंच. गावात नवेच आलेले एक महाराज कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गर्जत होते, "कुडी इथं, जीव तिथं!" आणि लव्हाळ्याला चिकटलेली, पाठ उकललेली किड्यांची पोकळ सालं लोकांना दाखवत होते.

चंद्रभागेचा मुलगा आनंदा हिवतापानं जाऊन महिना झाला होता. महाराजांनी तिला पुढं बोलावलं.

"पोर कसं होतं, यव्वा?"

"लई चतुर होतं."

"मग चतुर होऊनच आलंय की." त्यांनी तिच्या हातात एक काडी उभी धरायला दिली. लालभडक चतुर भिरभिरत आला नि टोकावर बसला. चंद्रभागेनं "आनंदा" म्हणून हाक मारली. शब्द तिचाच, महाराजांनी नुसता झेलला. पण पोर गेलेल्या बाईला ते कुठून कळावं?

धाकटी लेक अनुसया घरी तापानं फणफणत होती. "तिला तळ्याचं पाणीच पाज," महाराजांनी बजावलं. "हिवतापाची ती कोयनेलची गोळी दिलीस तर आनंदा रुसून जाईल." चंद्रभागेनं दवाखान्यातल्या गोळ्या कोनाड्यात सारल्या.

शाळेचे वादिराज मास्तर रोज येऊन गोळी दे म्हणून विनवत, ती दार लावून घेई. पाचव्या दिवशी पहाटे ते काचेची बरणी घेऊनच आले नि दार लागायच्या आत उंबऱ्यावर बसले. बरणीत काडी, काडीवर मळकट किडा.

"अक्का, हा आनंदानं दिवाळीत तळ्यातून आणला. डासांच्या अळ्या खाऊ घालून शाळेत वाढवला."

बघता बघता किड्याची पाठ उकलली. आतून ओला, चुरगळलेला चतुर बाहेर आला. मागं पोकळ साल उरलं. तीच ती महाराजांची कुडी.

"आनंदा असताना हाही होता, तळ्यावरचाही असाच पाण्यात होता. मग हा आनंदा कसा? आणि चतुर कुठल्याही उभ्या काडीवर बसतो, अक्का."

चंद्रभागेनं बरणी हातात घेतली. "म्हंजे माझं पोर कुठंच न्हाई?"

"नाही. पण अनुसया आहे."

ती रडली. आनंदाला उचलून नेलं त्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती. मग डोळे पुसून तिनं कोनाड्यातली गोळी काढली.

पुढच्या मंगळवारी अनुसयेचा ताप उतरला होता. चंद्रभागेनं भर गर्दीत चिखलात काडी रोवली आणि दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली. चतुर आला, बसला. महाराज पाण्यातून केव्हा निघाले, कुणी पाहिलं नाही.

"बुडत्याला काडीचा आधार म्हणत्यात," ती बायकांना म्हणाली, "म्या बी धरली. ह्यो माझा आनंदा न्हाई गं. तुमचंबी कुणी न्हाई. गेलेलं येत न्हाई. जी हायती त्यांना गोळी द्या."