तवंग न आलेला पेला

"ताई, आपण कोण?" सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी हसले. माझी फिरकी घेण्यात त्यांचा हात कोण धरणार! "तुमची छळवादी सून," म्हटलं. त्या हसल्या नाहीत. पाणी मागितलं, घटाघटा प्यायल्या आणि लगेच ओकल्या. मी त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

आठवडाभर तहान आणि उलट्या चालू होत्या, आणि आम्ही आपले पित्ताच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुठली औषधं, पावडरी घेतात?" मला कपाटातला डबा आठवला.

त्यातली पावडर मीच बनवलेली होती, ड जीवनसत्त्वाची. मी खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही. सासूबाईंची जुनी पावडर पेल्यात तवंगासारखी वर तरंगायची, निम्मी कडेलाच चिकटायची. त्यावरून रोज आमची जुंपायची.

"सगळं पेल्यालाच पाजलंत!"

"मग सरळ गळ्याखाली उतरेल असं काहीतरी बनव ना! एवढी शिकलीस कशाला?"

मग मी इरेला पेटले. वाटाण्याच्या प्रथिनांत ते जीवनसत्त्व गुंडाळलं. पाण्यात पडताच पावडर दिसेनाशी व्हायची आणि जवळजवळ सगळी अंगी लागायची. महिन्यापूर्वी मोठ्या तोऱ्यात डबा घरी आणला. "रोज चिमूटभर. डबा वर्षभर पुरेल," असं बजावलं.

दवाखान्यातूनच मी नवऱ्याला फोन लावला. "कपाटातला डबा बघ."

"रिकामा आहे गं. का?"

मी धावत जाऊन डॉक्टरांना डब्याचं सांगितलं.

ड जीवनसत्त्व अति झाल्याने रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. सलाइन लावलं. "मूत्रपिंडांवर ताण आलाय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले आणि माझी बोटं चाचपली. "तू होय! रागावू नकोस हं. तुझी पावडर काही जमली नाही बघ. वर काही दिसायचंच नाही."

"मग किती टाकायचात?"

"तवंग येईपर्यंत. आज एक चमचा, उद्या दोन. येतच नव्हता मेला."

"मला विचारायचं तरी, आई!"

"कसं विचारणार? किती खुशीत होतीस." त्यांनी आवाज बारीक केला. "पण थेंब नाही ठेवला हो पेल्यात. तू चिडतेस ना."